स्विच स्पोर्ट्समध्ये शॉट लागतच नाही? आधी या चुका टाळा

निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलवर स्विच स्पोर्ट्स नावाचा, कंट्रोलर हातात धरून खरोखर हात फिरवून खेळायचा गेम आहे. तो खेळणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते, मी बरोबर मारला होता, गेमनेच घेतला नाही. टेनिसचा शॉट हुकतो, बोलिंगचा बॉल दरवेळी वळून गटरमध्ये जातो, तलवारबाजीत, म्हणजे चान्बारामध्ये, हात सरळ आणि स्क्रीनवरची तलवार मात्र तिरकी. मग लोक चिडून अजून जोरात हात फिरवतात आणि आहे ते पण बिघडतं.

यातल्या बऱ्याचशा भानगडींचं मूळ एकच आहे. आपण धरून चालतो की जॉय-कॉनला, म्हणजे स्विचच्या त्या छोट्या कंट्रोलरला, आपला हात दिसतो. अजिबात दिसत नाही. त्याच्या आत ॲक्सेलरोमीटर आहे, तो झटका किती बसला ते सांगतो, आणि जायरोस्कोप आहे, तो कंट्रोलर कुठल्या बाजूला किती वळला ते सांगतो. बस. तुमचा हात खांद्याच्या वर आहे का गुडघ्याजवळ, तुम्ही टीव्हीसमोर उभे आहात का सोफ्याच्या मागे, याचा त्याला पत्ताच नसतो. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं होतं.

निन्टेन्डोच्याच जुन्या वी (Wii) कन्सोलवर खेळलेले लोक तर हमखास फसतात. तिथे रिमोटच्या टोकाला कॅमेरा होता आणि टीव्हीजवळच्या पट्टीतले इन्फ्रारेड दिवे तो बघायचा (पट्टीला सगळे सेन्सर बार म्हणायचे पण ती स्वतः काहीच सेन्स करत नव्हती, नुसते दिवे). त्यामुळे कंट्रोलर सारखा टीव्हीकडे रोखून धरायची सवय लागलेली असते. स्विचला ती पट्टी लागत नाही, शोधू नका.

तलवार किंवा बॉल आपोआप एका बाजूला सरकतोय

जायरो नुसता 'वळला किती' एवढंच मोजतो, आणि त्या मोजणीत बारीक बारीक चूक साठत जाते. म्हणून खेळ लांबला की तुम्ही सरळ धरलंय आणि गेमला ते तिरकं वाटतंय असं व्हायला लागतं. तेवढ्यापुरता उपाय म्हणजे गेम जेव्हा कंट्रोलर सरळ धरायला सांगतो ना, तेव्हा खरंच सरळ आणि स्थिर धरा. बरेच जण गप्पा मारत, हात हलवत ती स्क्रीन पुढे ढकलतात आणि मग अख्खी मॅच तिरकी तलवार घेऊन खेळतात.

तरी जमलं नाही तर सिस्टीम सेटिंग्जमध्ये कंट्रोलर्स अँड सेन्सर्समध्ये जाऊन मोशन कंट्रोल्सचं कॅलिब्रेशन करा, म्हणजे सेन्सर पुन्हा जुळवून घ्या. मनगटाचा स्ट्रॅप काढा, जॉय-कॉन टेबलावर सपाट ठेवा आणि हात काढून घ्या. गादीवर, मांडीवर, उशीवर ठेवून केलेलं कॅलिब्रेशन न केल्यासारखंच आहे. आणि हो, तिथेच स्टिकचं (अंगठ्याने फिरवायच्या दांडीचं) कॅलिब्रेशन पण दिसतं, ते वेगळं प्रकरण आहे. जॉय-कॉनच्या स्टिक ड्रिफ्टबद्दल, म्हणजे स्टिकला हात न लावता ती हलवल्यासारखं होतं त्याबद्दल, इतकं ऐकलेलं असतं की लोक तलवार सरकली की स्टिकच दुरुस्त करत बसतात, पण तलवार स्टिकवर चालतच नाही.

जोर लावला की शॉट भारी बसतो असं नाही

टेनिसमध्ये तुमचा खेळाडू आपोआप पळून बॉलपर्यंत जातो, तुमचं काम फक्त वेळेवर मारायचं. आणि दिशा ठरते ती पण मुख्यतः वेळेवरच. उजव्या हाताने फोरहँड मारताना लवकर मारलं तर बॉल डावीकडे, उशीर झाला तर उजवीकडे. म्हणजे हात कुठे नेऊन थांबवला याला फार अर्थ नाही, कधी मारला ते बघा. अजून एक, मारण्याआधी हात मागे नेताना झटका देऊ नका, सेन्सर त्यालाच शॉट समजू शकतो आणि बॉल येईपर्यंत तुमची रॅकेट फिरून गेलेली असते. हात आरामात मागे न्या, पुढे येताना एकदाच नीट मारा.

बॅडमिंटनमध्ये ड्रॉप शॉटसाठी झेडआर (ZR लिहिलेलं ट्रिगर बटण) दाबून धरून मारायचं असतं, हळू हात फिरवून ड्रॉप होत नाही. हे माहीतच नसतं म्हणून लोक नुसते स्मॅश मारत सुटतात.

बोलिंगचं म्हणाल तर बॉल वळतो तो मनगटामुळे. सोडताना मनगट आत किंवा बाहेर पिळलं की स्पिन लागतो, आणि आपल्याला ते कळत पण नाही कारण दंड सरळच गेलेला असतो. तळहात पुढे ठेवून, मनगट न पिळता, निवांत टाकून बघा. वी वरच्या जुन्या गेममध्ये अजून एक गंमत होती, हात मागे असतानाच बटण सोडलं की बॉल मागच्या लोकांच्यात जायचा आणि सगळे दचकून उड्या मारायचे. 😄

चान्बारामध्ये सगळ्यात मोठी चूक म्हणजे सपासप वार करत सुटणं. झेडआर दाबलं की बचाव होतो, पण तलवार समोरच्याच्या वाराला आडवी पाहिजे. त्याने वरून खाली मारलं तर तुमची आडवी, त्याने आडवं मारलं तर तुमची उभी. बरोबर अडवलं की तो क्षणभर गडबडतो, तेव्हा मारा. खुर्चीत बसून नुसतं मनगट हलवून टेनिस जिंकता येतं (खेळा की, कोण अडवतंय, पण मजा जाते असं माझं मत), इथे मात्र ते फार चालत नाही कारण कोन महत्त्वाचा.

सगळं बरोबर करताय तरी उशीर होतोय?

मग टीव्ही बघा. आजकालचे टीव्ही चित्र गुळगुळीत करायला, रंग खुलवायला प्रत्येक फ्रेमवर काम करत बसतात आणि त्यात चित्र मागे पडतं. सिनेमा बघताना हे कळत पण नाही, व्हॉलीबॉलमध्ये उडी चुकते. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा. काही टीव्हीत तो प्रत्येक एचडीएमआय पोर्टला वेगळा लावावा लागतो, तेव्हा स्विच ज्या पोर्टला आहे तिथलाच लावा.

ब्लूटूथ स्पीकर किंवा हेडफोन जोडला असेल तर तो पण काढून बघा. आवाज मागून येतो आणि आपण नकळत आवाजावर मारत असतो. शिवाय ब्लूटूथ ऑडिओ चालू असताना स्विच दोनच वायरलेस कंट्रोलर घेतो, त्यामुळे तिसऱ्याचा जॉय-कॉन जोडला जात नाही आणि सगळ्यांना वाटतं तो खराब झाला.

मधेच कनेक्शन तुटत असेल तर चार्जिंग बघा आणि कन्सोल टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटात कोंबलाय का ते बघा, त्याला मोकळ्यावर आणा.

स्ट्रॅप

घालाच. 2006 मध्ये वी आला तेव्हा लोकांच्या हातातून रिमोट सुटून टीव्ही फुटले होते, त्यानंतर निन्टेन्डोने स्ट्रॅपची दोरी 0.6 मिलिमीटरवरून 1 मिलिमीटर जाड केली आणि सुमारे 32 लाख दोऱ्या बदलून द्यायची तयारी केली. जॉय-कॉनचा स्ट्रॅप सरकवताना त्यावरचं अधिक किंवा उणे चिन्ह आणि कंट्रोलरवरचं चिन्ह जुळवून मगच ढकला. उलटा गेला तर असा अडकतो की काढताना घाम फुटतो. आणि मारायला उभं राहायच्या आधी हात पूर्ण पसरून एक गिरकी घ्या, वर पंखा, बाजूला माणूस, काही लागत नाही ना बघा.

विकत घ्यायच्या आधी

प्रो कंट्रोलरवर, म्हणजे दोन्ही हातांनी धरायच्या मोठ्या कंट्रोलरवर, हा गेम चालत नाही, जॉय-कॉनच लागतात. स्विच लाइट (कंट्रोलर अंगातच असलेला छोटा स्विच) असेल तर ते वेगळे घ्यावे लागतील. फुटबॉलच्या मॅचला एका माणसाला दोन्ही जॉय-कॉन लागतात, म्हणजे घरात एकच जोडी असेल तर दोघांचं बोलिंग होईल, फुटबॉलची मॅच नाही. फुटबॉलमध्ये किक मारायला पायाला बांधायचा पट्टा रिंग फिट ॲडव्हेंचर या दुसऱ्या गेमसोबत आलेला असेल तर तोच चालतो, नवीन घ्यायची गरज नाही. गोल्फ दिसत नसेल तर गेम अपडेट करा, तो 2022 च्या नोव्हेंबरमध्ये आला, बास्केटबॉल 2024 मध्ये. गेम कार्डवाला जुना गेम अपडेट न करताच खेळत असाल तर दोन्ही दिसणार नाहीत.