रेड तं पडला, आता कोन्ता?

नागपूरच्या सदर भागातल्या एका क्लबात मी स्नूकर शिकत होतो, तेव्हा माझा रेड, म्हणजे लाल बॉल, पॉकेटमध्ये पडला की तिथले मार्करकाका (गुण मांडणारे) हटकून विचारायचे, "रेड तं पडला, आता कोन्ता?" उत्तर नसायचं. ज्याला काठीनं मारतो तो पांढरा बॉल भलतीकडे गेलेला असायचा आणि ब्रेक, म्हणजे एका पाळीतले सलग गुण, एकावरच आटपायचा.

म्हणून पहिलं काम, टेबलावर वाकण्याआधी तीन बॉल ठरवा: हा रेड, त्यानंतरचा कलर (रेड सोडून बाकीच्या रंगांपैकी एक बॉल) आणि त्यापुढचा रेड. तिसरा सापडत नसेल तर पहिला बदलून बघा.

मग कोन. नवा खेळाडू सरळ शॉटसाठी जीव टाकतो. पण सरळ शॉटमध्ये, म्हणजे पांढरा, बॉल आणि पॉकेट एका रेषेत असताना, पांढरा त्याच रेषेत पुढे जातो, मागे येतो किंवा जागीच थांबतो. जरासा कोन असला की त्याला हवं तिकडे नेता येतं. ब्लॅकचंच बघा. तो आपल्या जागेवर आहे, कॉर्नर पॉकेटमध्ये घालायचाय. पांढरा सरळ रेषेपासून थोडा रेडच्या बाजूला असेल, तर ब्लॅकला लागून तो मागच्या कुशनवर (टेबलाच्या रबरी काठावर) आपटतो आणि रेडकडे परत येतो. तिथे पांढरा लोळत न येता घसरत येऊन लागला तर तो स्टन. दोन्ही बॉल जवळपास काटकोनात फाकतात. जवळून मध्याच्या किंचित खाली मारलं की स्टन जमतो, लांबून आणखी खाली मारावं लागतं. वर मारलं की फॉलो, पांढरा पुढे ओढ घेतो. बरंच खाली मारलं की स्क्रू, तो मागे येतो. साइडचा, म्हणजे पांढऱ्याला डावी-उजवीकडे मारायचा, नाद सध्या सोडा, नेमच चुकतो.

रेडचा गठ्ठा फोडायची घाई नको. ब्लू किंवा ब्लॅक घालता घालता फोडा, तेही बाहेर एक सुटा रेड हाताशी असेल तरच. गठ्ठा हवा तसा उघडला नाही, तर तो सुटा रेडच तुम्हाला वाचवतो.

प्रत्येक रेडमागे ब्लॅक घेत १४७ चा सर्वात मोठा ब्रेक करायचे मनसुबे नंतर. चार रेड एकेका गुणाचे आणि चार ब्लू पाच-पाचचे म्हणजे २४. ब्लू मध्यावर असतो, दोन्ही मिडल पॉकेट मोकळी.

आणि कापड ओळखा. नागपूरच्या मे महिन्यात ते खडखडीत कोरडं, पांढरा सुसाट पळतो. जुलैत, किंवा कूलरसमोरच्या टेबलावर, तोच शॉट वीतभर आधीच थांबतो. (हा खेळ १८७५ च्या सुमारास शेजारच्या जबलपूरच्या छावणीत इंग्रज अधिकाऱ्यांनी काढला, तेव्हा दमट कापड त्याला काही नवं नाही.) सुरुवातीला एक बॉल टेबलाच्या लांबीभर सोडून बघा.

सरावाला ब्लॅकभोवती सहा रेड सुटे ठेवा. एक रेड, एक ब्लॅक. पांढरा कुठे थांबणार ते आधी बोटानं दाखवायचं, मगच मारायचं. वीतभराहून जास्त चुकला तर रेड पडला तरी पुन्हा पहिल्यापासून.