हृदय आणि रक्तवाहिन्या: लाल-निळ्या आकृतीपासून बीपीच्या कफपर्यंत, या चुका टाळा

हृदयाची कुठलीही आकृती घ्या, तिच्यात लाल आणि निळा हे दोन रंग असतातच. नर्सिंगच्या पहिल्या वर्षातला बराचसा गोंधळ तिथूनच सुरू होतो. लाल ती धमनी, निळी ती शीर असं एकदा डोक्यात बसलं की फुप्फुस धमनीपाशी गाडी अडते, कारण ती निळी रंगवलेली असते. धमनी आणि शीर यांतला फरक रंगाचा नाही, दिशेचा आहे. हृदयापासून रक्त दूर नेते ती धमनी, हृदयाकडे परत आणते ती शीर. म्हणूनच फुप्फुस धमनीत ऑक्सिजन कमी असलेलं रक्त असतं आणि डाव्या अलिंदात (हृदयाच्या वरच्या कप्प्यात) उघडणाऱ्या चार फुप्फुस शिरांत ऑक्सिजनयुक्त. नाळेतही हाच नियम लागतो: दोन धमन्या गर्भाकडून वारेकडे ऑक्सिजन कमी असलेलं रक्त नेतात आणि एक शीर ऑक्सिजन घेऊन परत येते. आणि हो, शिरेतलं रक्त निळं नसतं, गडद लाल असतं. रक्त काढताना सिरिंजमध्ये रोज दिसतं, तरी उत्तरपत्रिकेत ते निळंच राहतं.

आकृतीत डावं-उजवंही फसवतं. रुग्ण आपल्याकडे तोंड करून आहे असं धरून ती काढलेली असते, त्यामुळे हृदयाची उजवी बाजू कागदाच्या डाव्या हाताला येते. पेन्सिल टेकवण्याआधी डाव्या कडेला ‘रुग्णाची उजवी’ असं लिहून ठेवा. मग त्रिदल झडप उजवीकडे आणि मायट्रल झडप डावीकडे, हे चुकत नाही.

‘डावं निलय जास्त रक्त पंप करतं, म्हणून त्याची भिंत जाड’

हे उत्तर वाचायला बरोबर वाटतं, पण चूक आहे. विश्रांतीच्या वेळी दोन्ही निलयं, म्हणजे हृदयाचे खालचे कप्पे, एका ठोक्याला सारखंच, साधारण ७० मिली रक्त बाहेर टाकतात. समजा उजव्याने ७० टाकलं आणि डाव्याने ६९. फरक फक्त १ मिलीचा, पण मिनिटाला ७० ठोके धरले तर दर मिनिटाला ७० मिली रक्त फुप्फुसांत साठत जाईल. असं फार वेळ चालूच शकत नाही. खरा फरक दाबाचा आहे: उजवं निलय सुमारे २५ मिमी पाऱ्याचा दाब तयार करतं, डावं सुमारे १२०. भिंत जाड होते ती या दाबापायी.

इथेच हार्ट फेल्युअरची, म्हणजे हृदय पंप म्हणून कमी पडण्याची, लक्षणंही उलगडतात. ती दोन रकान्यांत पाठ केली की परीक्षेत हमखास अदलाबदल होते. त्यापेक्षा एकच प्रश्न विचारा: कमजोर झालेल्या बाजूच्या मागे, म्हणजे तिथे रक्त जिथून येतं त्या बाजूला, काय आहे? डाव्या बाजूच्या मागे फुप्फुसं आहेत, म्हणून धाप लागते, आडवं झोपवत नाही, स्टेथोस्कोपने क्रेपिटेशन (फुप्फुसांतले चरचर आवाज) ऐकू येतात. उजव्या बाजूच्या मागे सगळं शरीर आहे, म्हणून मानेच्या शिरा फुगतात, यकृत मोठं होतं, पावलं सुजतात. मात्र सूज नेहमी पायावरच शोधू नका. जो रुग्ण दिवसचे दिवस पाठीवर झोपून आहे, त्याचं पाणी खाली म्हणजे माकडहाडाच्या भागात उतरतं. तिथे बोटाने काही सेकंद दाबा आणि खड्डा राहतो का ते पाहा.

‘ठोके वाढले म्हणजे रक्तपुरवठा वाढला’

सूत्र सगळ्यांना पाठ असतं: मिनिटाचे ठोके गुणिले एका ठोक्याचं रक्त. ७० गुणिले ७०, म्हणजे जवळपास ५ लिटर. यातून विद्यार्थी सरळ निष्कर्ष काढतात की ठोके दुप्पट तर रक्तही दुप्पट. पण घड्याळ काय सांगतं ते पाहा. मिनिटाला ७५ ठोके असतील तर एका ठोक्याला ०.८ सेकंद मिळतो. त्यात निलयाचं आकुंचन साधारण ०.३ सेकंदाचं, उरलेला ०.५ सेकंद भरून घेण्याचा. ठोके १५० झाले की एका ठोक्याला फक्त ०.४ सेकंद उरतो. आकुंचनाचा वेळ थोडाच कमी होतो, कात्री लागते ती भरण्याच्या वेळेला. निलय अर्धवट भरलं तर बाहेर तरी किती टाकणार? व्यायामात निरोगी हृदय हे सांभाळून घेतं, कारण शिरांतून परत येणारं रक्त वाढतं आणि आकुंचनाचा जोरही वाढतो. आजारी हृदयाला ते जमेलच असं नाही.

दुसरा फटका कॉरोनरी धमन्यांना, म्हणजे हृदयाच्या स्नायूलाच रक्त पुरवणाऱ्या धमन्यांना बसतो. डाव्या निलयाच्या स्नायूला रक्त मुख्यतः तो सैल असतानाच मिळतं, कारण आकुंचनात स्नायूच आपल्या आतल्या वाहिन्या आवळतो. म्हणजे ठोके वाढले की स्नायूची मागणी वाढते आणि पुरवठ्याचा वेळ घटतो. छातीत दुखणाऱ्या रुग्णाची नाडी १५० दिसली तर ती नुसती तक्त्यात लिहून पुढे जाऊ नका, लगेच कळवा.

सरासरी रक्तदाब काढतानाही हाच मुद्दा निसटतो. १२०/८० ची सरासरी १०० नाही. हृदय जास्त वेळ शिथिल असतं, म्हणून खालच्या दाबात दोन्ही आकड्यांतल्या फरकाचा एक तृतीयांश मिळवायचा: ८० अधिक १३, म्हणजे ९३.

बीपी मोजताना

सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि यंत्र बिचारं विनाकारण बदनाम होतं.

कफ, म्हणजे दंडाला बांधायचा पट्टा, लहान असेल तर दाब खोटा वाढतो, मोठा असेल तर खोटा कमी येतो. कफच्या आतल्या रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या सुमारे ४० टक्के आणि लांबी ८० टक्के हवी. हात हृदयाच्या पातळीवर आणि आधारावर ठेवा. तो पातळीपेक्षा १० सेंमी खाली असेल तर आकडा साधारण ७ ते ८ मिमीने चढतो. आधी ५ मिनिटं शांत बसवा आणि मोजताना बोलू देऊ नका. डायलिसिसचा फिस्टुला (धमनी आणि शीर जोडून केलेली वाट) असलेल्या हातावर कफ बांधायचाच नाही.

आता एक चूक जरा जवळून पाहू. समजा रुग्णाचा खरा वरचा दाब १८० आहे. काही रुग्णांत, विशेषतः जुना उच्च रक्तदाब असलेल्यांत, हवा सोडताना स्टेथोस्कोपमध्ये येणारे ठोक्यांचे आवाज १८० ला सुरू होतात, १६० ला गायब होतात आणि १४० ला पुन्हा ऐकू येतात. तुम्ही सवयीने १५० पर्यंतच हवा भरली तर पहिला आवाज १४० ला मिळेल आणि तक्त्यात १४० जाईल. ४० मिमीची ही चूक स्टेथोस्कोप न लावताच टाळता येते. आधी मनगटाची नाडी धरा, हवा भरत जा, नाडी कुठल्या आकड्याला लुप्त होते ते पाहा आणि कफ पूर्ण रिकामा करा. मिनिटभराने त्या आकड्याच्या ३० वर हवा भरून मग ऐका. हवा सेकंदाला २ ते ३ मिमी या वेगाने सोडा. घाईत सोडली तर वरचा आकडा कमी आणि खालचा जास्त नोंदला जातो. डायलवर रेघा २-२ मिमीच्या असतात, त्यामुळे हाताने मोजलेलं १२५/८५ पाहिलं की समजावं, अंदाज मारला आहे.

नाडी आणि मॉनिटर

नाडी अंगठ्याने मोजू नका, त्याचे स्वतःचे ठोके जाणवून गोंधळ होतो. १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर एका ठोक्याची चूक चार ठोक्यांची होते. लय अनियमित असेल तर पूर्ण ६० सेकंद मोजा.

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (अलिंदं थरथरून लय पूर्ण अनियमित होते तेव्हा) काही ठोके इतके कमजोर असतात की मनगटापर्यंत पोचतच नाहीत. एकीने छातीवर पाचव्या फासळी-अंतरात, हसळीच्या हाडाच्या मध्यरेषेवर स्टेथोस्कोप ठेवायचा, दुसरीने मनगट धरायचं. एकाच घड्याळावर, एकाच मिनिटात मोजायचं. छातीवर १०४ आणि मनगटावर ८८ आले तर तूट १६ ची. एकटीनेच आधी छाती आणि मग मनगट मोजलं तर ही वजाबाकी निरर्थक ठरते.

मॉनिटरवरची रेघ फक्त विद्युत संदेश दाखवते, आकुंचन दाखवत नाही. लय अगदी नीटनेटकी दिसत असताना नाडी नसणं शक्य आहे. रुग्ण प्रतिसाद देत नसेल आणि श्वासही नसेल तर पडद्याकडे बघत बसू नका. कॅरोटिडवर, म्हणजे मानेतल्या धमनीवर, बोटं ठेवा, एकाच बाजूला. दोन्ही बाजू एकदम दाबल्या तर मेंदूचा रक्तपुरवठा घटतो, आणि तिथल्या दाबाच्या संवेदकांमुळे ठोकेही मंदावू शकतात. १० सेकंदांत नाडी नक्की लागली नाही, तर ती नाहीच असं धरून छातीवर दाब द्यायला सुरुवात करा.