बोन्सायसाठी जपानी मेपलची गुटी कशी बांधावी

सांगोल्याच्या डाळिंबवाल्यांना गुटी कलम, म्हणजे झाडावरच्याच फांदीची साल काढून तिथे मुळं फोडून घेणं, नवं नाही. जपानी मेपललाही तीच रीत लागू पडते, फक्त अपेक्षा वेगळी. डाळिंबाला मूळ कुठूनही फुटलं तरी चालतं. बोन्सायला ते खोडाच्या चहूबाजूंनी आणि एकाच पातळीवर फुटायला हवं. मुळांच्या या घेराला जपानी माळी 'नेबारी' म्हणतात आणि झाडाची पारख तिथूनच सुरू करतात.

बियांपासून केलेली रोपं आईसारखी निघतीलच असं नाही. 'देशोजो'सारख्या लाल पालवीच्या जाती बहुतेकदा दुसऱ्या मेपलच्या खुंटावर कलम करून विकल्या जातात आणि तो सांधा पुढे फुगून डोळ्यांत खुपतो. सांध्याच्या वर गुटी बांधली की झाड स्वतःच्या मुळांवर उभं राहतं. मात्र मेपलला हिवाळ्यात पानं गाळून खरा गारठा लागतो. पुण्या-नागपुरात त्याच्या नादी लागू नये. लंडन किंवा न्यू जर्सीतल्या परसात मात्र खुशाल करावं.

वेळ साधा. वसंतातली पालवी निबर झाली की, म्हणजे मे अखेर ते जूनमध्ये, गुटी बांधा. कोवळ्या पानांवर घाई केली तर फांदीकडे मुळांना द्यायला अन्नच नसतं.

फांदी निवडताना अंगठ्याएवढी जाड आणि थोड्याच अंतरावर दोन फाटे फुटलेली बघा. वरचा काप म्हणजे उद्याच्या कुंडीतली मातीची रेघ, हे डोळ्यांसमोर ठेवून जागा ठरवा.

आता धारदार, स्पिरिटने पुसलेल्या चाकूने सालीवर दोन गोल काप घ्या. दोघांतलं अंतर फांदीच्या जाडीच्या दीडपट ते दुप्पट ठेवा. मधली साल सोलून काढा. खाली जो हिरवट, बुळबुळीत थर दिसतो तो खरवडून कोरडं लाकूड उघडं करा. गुटी फसते ती बहुतेकदा इथेच. थर राहिला की झाड जखमेवरून साल पुन्हा जोडून घेतं आणि मुळं फोडायचं कारणच उरत नाही. लाकडातून पाणी वर जातच राहतं, म्हणून फांदी सुकत नाही. पानांत तयार झालेलं अन्न मात्र सालीतून खाली उतरताना वरच्या कापाशी अडतं आणि मुळं तिथेच फुटतात. त्यामुळे वरची कड अगदी स्वच्छ, समपातळीत हवी. तिच्यावर आयबीएची, म्हणजे मुळं फुटायला मदत करणाऱ्या संजीवकाची, पावडर लावा.

स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं वाळलेलं शेवाळ) भिजवून, थेंब गळेनासा होईपर्यंत पिळा आणि मूठभर गोळा कापाभोवती दाबून बसवा. वरचा काप गोळ्याच्या आत राहिला पाहिजे. वरून पारदर्शक प्लास्टिक गुंडाळा. खालचं टोक घट्ट बांधा, वरचं जरा सैल, म्हणजे वरून पाणी घालता येतं. उन्हाने मॉस तापू नये म्हणून बाहेरून चकचकीत ॲल्युमिनियम फॉइल लावा.

साधारण सहा ते दहा आठवड्यांत पांढरी मुळं प्लास्टिकला टेकलेली दिसतील. लगेच कापू नका. ती तपकिरी होऊन फाटे फुटू द्या. सप्टेंबर उजाडेपर्यंत गोळा मुळांनी भरला नसेल, तर मी कापत नाही. गुटी हिवाळाभर झाडावरच ठेवून गोणपाटाने झाकावी आणि वसंतात उतरवावी.

उतरवताना गोळ्याच्या खाली करवत चालवा. मॉस काढू नका, मुळं काचेसारखी मोडतात. उथळ, पसरट कुंडीत अकादामा (जपानी मातीचे भाजरे दाणे) आणि प्युमिस (सच्छिद्र, हलका ज्वालामुखी दगड) यांच्या मिश्रणात रोप बसवून दोरीने कुंडीला बांधा. रोप हललं की नवी मुळं तुटतात. वारा नसलेल्या सावलीत ठेवा आणि नवी वाढ दिसेपर्यंत खत देऊ नका.

पुढच्या वसंतात, कळ्या फुगताना, मॉस हलक्या हाताने सोडवा. मुळांखालचा खुंट सपाट कापा, सरळ खाली जाणारी मुळं छाटा आणि उरलेली चाकाच्या आऱ्यांसारखी पसरून लावा.