क्रीम लावूनही हाताच्या भेगा भरत नाहीत? या चुका टाळा

हिवाळा आला की हातांबद्दलची तक्रार ठरलेली असते: रोज रात्री क्रीम लावते, पण फरक नाही. मग क्रीमची कंपनी बदलते, कुणीतरी सांगितलेलं तेल येतं. दिवसभरात हात साबणाच्या पाण्यात किती वेळा जातात, हे मात्र कुणी मोजत नाही. खरी गोम तिथेच असते. दिवसातून दहा वेळा धुतलेला तेलकटपणा रात्री एकदा लावलेल्या क्रीमने भरून निघत नाही.

तळहाताला तर गेलेलं तेल आतून परतही मिळत नाही, कारण तिथे तेलग्रंथीच नसतात. घाम येतो, तेल येत नाही. त्वचेच्या वरच्या थरात जो थोडा स्निग्धपणा असतो तो साबण काढून नेतो, मग आतलं पाणी उडून जातं आणि थर कडक होतो. असा कडक थर जिथे सतत वाकतो तिथेच फाटतो: अंगठ्याची कड, बोटांचे सांधे, नखालगतचं टोक.

भांडी आणि धुणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून इथे थोडं सविस्तर.

पहिली चूक म्हणजे भांड्यांचं लिक्विड थेट घासणीवर ओतणं. वाटीभर पाण्यात एक छोटा चमचा लिक्विड एका वेळच्या भांड्यांना पुरतं. साबणवडी वापरत असाल तर ती ओल्या हाताने धरून घासणीवर रगडू नका, घासणीच वडीवर फिरवा. तारेच्या घासणीने बोटांवर बारीक ओरखडे पडतात आणि साबण त्यातून आत जातो. करपलेलं पातेलं सोडून बाकीच्यांना नायलॉनची घासणी चालते.

दुसरी चूक इतकी सवयीची आहे की ती चूक वाटतच नाही. भांडी झाली की समोरच्याच भांड्यांच्या साबणाने हात धुतले जातात. तो साबण तूप-तेलाचा चिकट थर काढायला बनवलेला असतो, हातावरचं तेल त्याला वेगळं ओळखता येत नाही. सिंकजवळ हातासाठी वेगळा सौम्य, बिनवासाचा हॅंडवॉश ठेवा. नेहमीच्या आंघोळीच्या साबणाचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) ९-१०च्या आसपास असतो, त्वचेचा साधारण ५. त्यामुळे 'सिंडेट' प्रकारचा, म्हणजे नेहमीच्या साबणाऐवजी सौम्य कृत्रिम घटकांचा आणि त्वचेच्या जवळच्या सामूचा साबण बरा.

कपड्यांच्या बादलीत मूठभर पावडर टाकून ती हाताने ढवळणं ही तिसरी. पावडर विरघळत असताना ती सगळ्यात तीव्र असते. काठीने किंवा जुन्या चमच्याने ढवळा, फेस झाला की मगच कपडे टाका. आणि पाणी गीझरचं कडकडीत नको. गरम पाण्याने साबण जास्त तेल काढतो.

हातमोजे घालूनही हात बिघडतात, ते का

मोजे घालायला सांगितलं की लोक ओल्या हातावरच चढवतात आणि तासभर काढत नाहीत. आत घाम साचतो, त्वचा पांढरी होऊन फुगते आणि काढल्यावर आणखी कोरडी पडते. हात पूर्ण कोरडे करून आधी पातळ सुती मोजे, त्यावर रबरी किंवा व्हिनाइलचे, असं घाला. सलग १५-२० मिनिटांपेक्षा जास्त नको. मनगटाशी कड बाहेरच्या बाजूला दुमडली की पाणी आत ओघळत नाही. काम झालं की मोजे उलटे करून वाळवा. आठवड्यातून एकदा त्यात पाणी भरून दाबून बघा, बोटाच्या टोकाला भोक पडलं असेल तर ते मोजे नसल्यापेक्षा वाईट, कारण साबणाचं पाणी आत अडकून राहतं. अंगठी काढून ठेवा. तिच्याखाली साबण साचून तेवढाच पट्टा लाल होणं ही फार नेहमीची गोष्ट आहे.

क्रीम: वेळ चुकते, माप चुकतं

हात खडखडीत वाळल्यावर क्रीम लावण्यात अर्धा फायदा जातो. टॉवेलने घासू नका, टिपा. हात किंचित ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत लावा.

मापाचा हिशोब बघू. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत ट्यूब दाबली की साधारण अर्धा ग्रॅम क्रीम निघतं. एका हाताच्या दोन्ही बाजूंना तेवढं लागतं, म्हणजे दोन हातांना १ ग्रॅम. दिवसातून चारदा लावलं तर ३० ग्रॅमची ट्यूब आठवडाभरात संपायला हवी. तुमची दोन महिने पुरत असेल तर दोष क्रीमचा नाही. म्हणूनच महाग क्रीम जपून वापरण्यापेक्षा साधी पांढरी पेट्रोलियम जेली सढळ हाताने लावणं परवडतं आणि उपयोगीही पडतं. दिवसा चिकट वाटत असेल तर दिवसा घट्ट, बिनवासाचं क्रीम आणि रात्री जेली. पातळ, सुगंधी लोशन भेगांवर कुचकामी.

रात्री कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं हात बुडवा, टिपा, जेलीचा जाड थर द्या आणि वर सुती मोजे. कोकणात भिरंडेल, म्हणजे कोकमाचं तेल, याच कामासाठी वापरतात, आणि ते योग्यच आहे. गोळा घट्ट असतो, किंचित कोमट करून लावावा लागतो. खोबरेल चालतं, पण पातळ असल्याने लवकर पुसलं जातं.

ग्लिसरीन निव्वळ लावू नका, कोरड्या हवेत ते त्वचेतलंच पाणी ओढतं. एक भाग ग्लिसरीन, दोन भाग पाणी किंवा गुलाबपाणी, आणि वरून जेली. युरिया असलेलं १० टक्क्यांचं क्रीम जाड, खरखरीत त्वचेला उत्तम, पण उघड्या भेगेवर झोंबतं. आधी भेग मिटू द्या.

हे करूच नका

लिंबू-साखर चोळणं, मीठ, चुना, बेसनाने घासणं, सुटलेली साल ब्लेडने कापणं. लिंबाचा रस लावून उन्हात गेलात तर काळे डाग पडतात, क्वचित फोडही येतात. भेग झटपट गोंदाने चिकटवू नका. खोल भेगेत जेली भरून वरून पट्टी लावा आणि रोज बदला.

मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली, 'सगळ्यावर चालणारी' ट्यूब हा सगळ्यात महाग पडणारा उपाय. तिच्यात बहुधा तीव्र स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. तीन दिवसांत आराम वाटतो, महिनोन्महिने लावली की त्वचा पातळ होते, आणि मुळात बुरशी असेल तर ती दबून पसरते.

भेगा कुठे आहेत ते बघा

उजव्या हाताने सुरी धरणाऱ्यांच्या डाव्या हाताचा अंगठा आणि पुढची दोन बोटं तेवढीच फाटत असतील तर लसणावर संशय घ्या. लसूण त्याच तीन बोटांत धरला जातो. एकच तळहात कोरडा आणि सोबत दोन्ही पाय खवल्यांसारखे असतील तर बुरशी असू शकते, तिथे जेली कामाची नाही. बोटांच्या कडांना खाजरे, साबुदाण्याएवढे पाण्याचे फोड हा एक्झिमाचा, म्हणजे त्वचेच्या खाजऱ्या दाहाचा प्रकार. रात्री खाज वाढते आणि घरात इतरांनाही आहे? खरूज तपासून घ्या. गवंडीकाम करणाऱ्यांना सिमेंटमधल्या क्रोमियमची, तर शेतात राबणाऱ्यांना गाजर गवताची अ‍ॅलर्जी होते. गाजर गवतामुळे चेहरा, मान आणि पापण्याही लाल होतात.

वरचं सगळं नीट पाळून तीन-चार आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा पू, पिवळी खपली, वाढती सूज, ताप असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. मधुमेह असेल तर इतके आठवडे थांबूच नका. आणि भेगा मिटल्या म्हणून मोजे-क्रीम सोडू नका. वरून बरी दिसणारी त्वचा पूर्ववत व्हायला पुढे काही महिने जातात.

अ‍ॅलर्जीचा संशय असेल तर पॅच टेस्ट होते. पाठीवर पट्ट्या लावतात, ४८ तासांनी काढतात आणि साधारण चौथ्या दिवशी पुन्हा बघतात. तोवर पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काम टाळायचं. जाताना साबण, लिक्विड, क्रीम आणि मोजे यांच्या वेष्टनांचे फोटो सोबत न्या, आणि सध्या कुठलं स्टेरॉइड लावता किंवा घेता ते आधीच सांगा, नाहीतर निकाल चुकू शकतो.