स्पॅनिशचे पहिले शब्द शिकताना इंग्रजीचा वळसा आणि इतर चुका टाळा

काही महिन्यांपूर्वी माझी एक विद्यार्थिनी आणि मी गंगापूर रोडला मिसळ खायला बसलो होतो. वर्गात शिकलेले शब्द बाहेर वापरून पाहायचे, असा आमचा नियम आहे. रश्श्याचा भुरका घेताच तिच्या डोळ्यांत पाणी आले आणि ती म्हणाली, ‘मूय कालियेन्ते!’ तिला ‘फार तिखट’ म्हणायचे होते, पण त्या शब्दांचा अर्थ ‘फार गरम’ असा होतो, आणि गप्पांच्या नादात रस्सा तर केव्हाच कोमट झाला होता. तिखटाला स्पॅनिशमध्ये ‘पिकान्ते’ म्हणतात. मी तिची वही पाहिली. स्पॅनिश, इंग्रजी आणि मराठी असे तीन रकाने तिने आखले होते, ‘कालियेन्ते’समोर ‘हॉट’ लिहिले होते आणि दुसऱ्या पानापासून मराठीचा रकाना कोराच राहिला होता.

नाशिकमध्ये नव्याने स्पॅनिश शिकणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक मला हीच वाटते. पुस्तके आणि ॲप इंग्रजीत असल्यामुळे आपण प्रत्येक शब्द इंग्रजीच्या वळशाने घेतो, आणि मराठीत मुळातच असलेले भेद त्या वाटेवर हरवून बसतो. इंग्रजीचा ‘हॉट’ तिखट आणि गरम दोन्ही सांगतो, मराठी आणि स्पॅनिश मात्र ते वेगळे ठेवतात. एखादी गोष्ट माहीत असणे म्हणजे ‘साबेर’ आणि एखाद्या माणसाची ओळख असणे म्हणजे ‘कोनोसेर’. इंग्रजीत दोन्हींना ‘नो’ हे एकच क्रियापद पुरते. जवळच्या माणसाला ‘तू’ आणि परक्या किंवा वडीलधाऱ्या माणसाला ‘उस्तेद’ म्हणायचे, हे मराठी माणसाला वेगळे शिकवावे लागू नये, कारण पहिला शब्द तर उच्चारासह आपलाच आहे. तरीही इंग्रजीच्या सवयीने विद्यार्थी सगळ्यांना ‘तू’ म्हणतात.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे आवडीचे वाक्य. ‘मला मिसळ आवडते’ हे ‘मे गुस्ता ला मिसळ’ आणि ‘मला द्राक्षे आवडतात’ हे ‘मे गुस्तान लास ऊबास’. दोन्ही भाषांत क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे बदलते. इंग्रजीतून आलेला विद्यार्थी ‘यो गुस्तो’ म्हणून मोकळा होतो, आणि तीच चूक महिनोन्महिने टिकते. यावर उपाय साधा आहे: वहीतला इंग्रजीचा रकाना खोडून टाकावा आणि शब्दाऐवजी छोटे मराठी वाक्य लिहावे.

मराठीही सगळीकडे साथ देत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. आपल्या एका ‘आहे’साठी स्पॅनिशमध्ये ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन क्रियापदे आहेत. निफाडच्या बागेत उभे राहून ‘लास ऊबास सोन बेर्देस’ म्हटले, तर द्राक्षांची जात हिरव्या रंगाची आहे असा अर्थ होतो. ‘एस्तान बेर्देस’ म्हटले, तर ती अजून कच्ची आहेत. तयार झालेली थॉमसन द्राक्षे हिरवीच असतात, म्हणून क्रियापद चुकले तर निर्यातीच्या बोलण्यात नको तो गोंधळ होऊ शकतो. भूक आणि तहान यांचेही तसेच आहे. ‘तेंगो आंब्रे’ म्हणजे शब्दशः ‘माझ्याकडे भूक आहे’, त्यामुळे तो प्रयोग अख्खाच पाठ करावा. ‘मला उकडते आहे’ यासाठी ‘तेंगो कालोर’ म्हणतात. तेथे ‘एस्तोय कालियेन्ते’ मुळीच म्हणू नये, कारण त्याला कामुक अर्थ आहे.

लिंगाच्या बाबतीत मराठी माणूस फाजील आत्मविश्वासाने फसतो. तीन लिंगे सांभाळणाऱ्याला दोन सोपी वाटतात, पण नदीला स्पॅनिशमध्ये ‘एल रिओ’ म्हणतात, म्हणजे ती पुल्लिंगी आहे, आणि जिला आपण गोदामाई म्हणतो तीही तेथे ‘एल गोदावरी’ होते. ‘आ’कारान्त म्हणजे स्त्रीलिंगी आणि ‘ओ’कारान्त म्हणजे पुल्लिंगी हा नियमही पुरत नाही: ‘एल दिआ’ (दिवस) आणि ‘एल प्रोब्लेमा’ पुल्लिंगी, तर ‘ला मानो’ (हात) स्त्रीलिंगी आहे. म्हणून सुटे नाम कधीही लिहू नये. ‘एल’ किंवा ‘ला’ जोडूनच लिहावे.

उच्चारात मात्र आपण भाग्यवान आहोत. टोमॅटोला ‘तोमाते’ म्हणताना आपला दन्त्य ‘त’ जसाच्या तसा चालतो, पण इंग्रजीच्या सवयीने तेथे ‘ट’ येतो. लिहिलेला ‘एच’ मुका असतो, म्हणून ‘होला’ नव्हे, ‘ओला’. ‘पेरो’ म्हणजे पण आणि ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा, इतके लक्षात ठेवले की बाकीचे कानांवर सोडता येते.

ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांची मात्र नीट खात्री करून घ्यावी. पोर्तुगीजांमुळे मराठीत आलेल्या ‘पगार’ या शब्दाचा भाऊबंद स्पॅनिशमध्ये ‘पागार’ (पैसे देणे) या रूपात भेटतो. पण स्पॅनिश ‘बताता’ म्हणजे रताळे. बटाट्याला स्पेनमध्ये ‘पताता’ आणि लॅटिन अमेरिकेत ‘पापा’ म्हणतात.

स्पॅनिश 20 देशांत अधिकृत भाषा असल्यामुळे असे फरक पुष्कळ भेटतात. स्पेनमध्ये बस पकडण्यासाठी सर्रास वापरले जाणारे ‘कोखेर’ हे क्रियापद मेक्सिको आणि अर्जेंटिनात अश्लील ठरते. दोन्हीकडे चालणारा ‘तोमार’ आधी शिकावा. नोकरी, शिक्षण किंवा व्यापार यांपैकी ज्या कारणासाठी भाषा हवी आहे, त्यानुसार पहिल्याच आठवड्यात एक देश निवडावा आणि वहीच्या पहिल्या पानावर त्याचे नाव लिहून ठेवावे.