हालचालीत अडचण असलेल्या मुलांच्या व्यायामासाठी व्हीआर गेम कसे वापरावेत

सेरेब्रल पाल्सी (वाढत्या मेंदूला इजा झाल्यामुळे हालचाल आणि तोल यांवर होणारा कायमचा परिणाम) किंवा तत्सम कारणांमुळे ज्या मुलांच्या हालचालींवर मर्यादा येतात, त्यांच्या फिजिओथेरपीतील सर्वांत कठीण भाग म्हणजे तीच हालचाल पुन्हा पुन्हा करणे. मेंदू नवी हालचाल शिकतो तो भरपूर सराव, जमले की नाही याची तत्काळ जाणीव आणि हळूहळू वाढत जाणारी काठिण्यपातळी यांच्या बळावर. नुसता हात वर-खाली करायला सांगितला तर मूल थोड्याच वेळात कंटाळते, पण हवेत तरंगणारे फुगे फोडायचे असतील तर तेच मूल तोच हात आनंदाने कितीतरी वेळा उचलते. व्हर्च्युअल रिॲलिटीचा, म्हणजे संगणकाने उभ्या केलेल्या आभासी दृश्यात स्वतःच्या हालचालींनी खेळण्याच्या व्हीआर तंत्राचा, खरा उपयोग इथे आहे. मात्र कोणती हालचाल सुधारायची हे आधी ठरवावे आणि गेम त्यानंतर निवडावा. हा क्रम उलटला की खेळ होतो, व्यायाम होत नाही.

पुनर्वसनाच्या क्षेत्रात व्हीआर या एकाच नावाखाली दोन वेगळे प्रकार येतात. पहिल्या प्रकारात मूल टीव्हीसमोर उभे राहते किंवा बसते आणि कॅमेरा अथवा पायाखालची पाटी त्याची हालचाल टिपते. २००७ साली आलेला निन्टेंडोचा वी बॅलन्स बोर्ड आणि २०१० साली आलेला मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट ही याची परिचित उदाहरणे आहेत. त्यांचे उत्पादन आता थांबले असले तरी जुनी उपकरणे चालू स्थितीत असतील तर तोल सांभाळण्याच्या सरावासाठी ती उपयोगी पडतात. दुसऱ्या प्रकारात डोळ्यांवर हेडसेट चढतो आणि भोवतालची खोली दिसेनाशी होते. लहान मुलांसाठी, मान नीट न धरणाऱ्या मुलांसाठी आणि पहिल्यांदाच सुरुवात करणाऱ्यांसाठी पडद्यासमोरचा प्रकार अधिक योग्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. साधारण अर्धा किलो वजनाचा हेडसेट अशक्त मानेवर ओझे टाकतो, शिवाय त्याच्या भिंगांमधील अंतर मोठ्यांच्या डोळ्यांच्या हिशेबाने ठेवलेले असल्यामुळे लहान मुलाला चित्र अस्पष्ट दिसू शकते. कंपन्यांनी घातलेली वयाची अटही पाळावी. मेटाने आपल्या क्वेस्ट हेडसेटसाठीची किमान वयोमर्यादा २०२३ साली १३ वरून १० वर्षांवर आणली, तीही पालकांच्या नियंत्रणाखालील खात्याच्या अटीवर, तर सोनीच्या प्लेस्टेशन व्हीआरसाठी ती १२ वर्षे आहे.

सुरुवात करण्यापूर्वी मुलाच्या डॉक्टरांशी बोलणे अनिवार्य आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या अनेक मुलांना फिट्सचा त्रास असतो आणि लुकलुकणाऱ्या प्रकाशाने काहींना फिट येऊ शकते. डोक्यात शंट (मेंदूतील जादा पाणी वाहून नेणारी नळी), कानात कॉक्लियर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवलेले उपकरण) किंवा शरीरात औषधाचा पंप बसवलेला असेल तर हेडसेट आणि कंट्रोलर यांतील चुंबकांविषयी मुद्दाम विचारावे, कारण काही शंटच्या झडपा चुंबकाने बदलू शकतात. तिरळेपणा, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा ताठर स्नायू सैल करण्यासाठी दिलेले बोटॉक्सचे इंजेक्शन यांचीही माहिती थेरपिस्टला द्यावी. पायातील स्प्लिंट, म्हणजे पाय योग्य स्थितीत धरून ठेवणारा आधार, खेळताना घालायचे की काढायचे हे त्यांनाच ठरवू द्यावे.

यानंतर थेरपिस्टसोबत बसून एकच हालचाल निवडावी आणि ती नेमक्या शब्दांत लिहून काढावी. ‘हात सुधारणे’ हे उद्दिष्ट होत नाही. ‘उजवा हात खांद्याच्या उंचीपर्यंत नेताना कोपर सरळ ठेवणे’ हे उद्दिष्ट होते. मुलाच्या एकूण क्षमतेचा अंदाज घेण्यासाठी थेरपिस्ट बहुधा जीएमएफसीएस हे १९९७ साली मांडलेले, बसणे-चालणे यांसारख्या मोठ्या हालचालींचे पाच पातळ्यांचे वर्गीकरण वापरतात; त्यात पहिल्या पातळीवर मर्यादा सर्वांत कमी आणि पाचव्या पातळीवर सर्वांत जास्त असतात. पहिल्या दोन पातळ्यांवरील मूल उभे राहून तोलाचे खेळ खेळू शकते, तर चौथ्या आणि पाचव्या पातळीवरील मुलासाठी भक्कम आधाराची खुर्ची आणि बसून खेळता येईल असा गेम लागतो. ज्याला नेहमीचा कंट्रोलर पकडता येत नाही त्याच्यासाठी २०१८ साली आलेला एक्सबॉक्स अडॅप्टिव्ह कंट्रोलर विचारात घ्यावा. त्याला मोठी बटणे आणि वेगवेगळे स्विच जोडता येतात, त्यामुळे डोके, कोपर किंवा पाय यांनीही खेळता येते.

सर्वाधिक लक्ष द्यावे लागते ते पुढच्या गोष्टीकडे. गेमला फक्त हात फुग्यापर्यंत पोहोचला की नाही एवढेच कळते, तो कसा पोहोचला हे कळत नाही. म्हणून मूल खांदा उचलण्याऐवजी संपूर्ण धड एका बाजूला झुकवते, खांदा कानापर्यंत ओढते, श्वास रोखून धरते किंवा सगळे काम चांगल्या हाताकडून करून घेते, आणि तरीही पडद्यावर गुण वाढत राहतात. शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाने म्हणूनच पडद्याकडे कमी आणि मुलाच्या शरीराकडे अधिक पाहावे. धड झुकत असेल तर पाठीला आणि पावलांना आधार देणाऱ्या खुर्चीत बसवावे आणि लक्ष्य खाली व जवळ आणावे. चांगला हातच पुढे येत असेल तर दोन्ही हातांनी एकच वस्तू धरावी लागेल असा गेम निवडावा. एका हाताने प्रयत्न करताना दुसऱ्या हाताची मूठ घट्ट आवळली जात असेल, तर काठिण्यपातळी मुलाला झेपण्यापलीकडे गेली आहे असे समजावे.

गेमचा वेगही तितकाच महत्त्वाचा आहे. स्पॅस्टिसिटीमध्ये, म्हणजे स्नायू ताठर राहण्याच्या स्थितीत, स्नायू जितक्या वेगाने ताणला जातो तितका तो अधिक विरोध करतो, त्यामुळे झपाट्याने वार करायला लावणारा गेम ताठर हाताला आणखी ताठर करू शकतो. अशा मुलासाठी सावकाश पोहोचायचे, थांबायचे आणि सोडायचे असे गेम योग्य ठरतात. ज्याच्या हालचाली अनियंत्रित किंवा थरथरत्या असतात त्याच्यासाठी मोठी लक्ष्ये ठेवावीत आणि सेटिंगमध्ये सेन्सरची संवेदनशीलता कमी करावी.

जागा किमान दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी असावी, जमिनीवर सतरंजी किंवा वायर नसावी आणि तोल गेल्यास मुलाला लगेच धरता येईल इतक्या अंतरावर मोठे माणूस असावे. हेडसेट वापरत असल्यास त्यातील दृश्य फोनवर किंवा टीव्हीवर दिसण्याची सोय चालू ठेवावी, म्हणजे मूल कशाला प्रतिसाद देत आहे हे आपल्याला कळते. पहिल्या दिवशी पाच मिनिटे पुरेशी आहेत. पुढे मुलाच्या सहनशक्तीनुसार वेळ वाढवावा, मध्ये विश्रांती द्यावी आणि मूल थकण्याआधीच थांबावे, कारण थकलेल्या स्नायूंकडून चुकीच्या हालचालीचाच सराव होतो. ज्या गेममध्ये मूल स्थिर असताना दृश्य धावते ते टाळावेत. डोळे आणि कान यांच्याकडून मेंदूला मिळणारी तोलाची माहिती जुळली नाही की मळमळ होते. लहान मुले हे नेहमी बोलून दाखवत नाहीत, म्हणून चेहरा फिका पडणे, घाम, जांभया किंवा अचानक गप्प होणे यांकडे लक्ष ठेवावे आणि लगेच हेडसेट काढावा. हेडसेट काढल्यावर काही मिनिटे बसवून ठेवावे, लगेच जिना चढू देऊ नये.

गेममधील गुणांवर प्रगती मोजू नये. सुरुवातीला आणि त्यानंतर ठराविक दिवसांनी, त्याच कोनातून, त्याच हालचालीचा छोटा व्हिडिओ काढावा. प्रत्येक सत्र संपताच ती हालचाल खऱ्या कामात वापरायला लावावी: खांदा उचलण्याचा सराव केला असेल तर फळीवरून पेला काढणे किंवा शर्टाच्या बाहीत हात घालणे. काही आठवड्यांनंतर गुण वाढले पण बाहीत हात जात नसेल, तर तो गेम बदलण्याची वेळ आली आहे. थेरपिस्ट अशा कामांसाठी उणे दोन ते अधिक दोन अशी पाच टप्प्यांची उद्दिष्टपट्टी (शून्य म्हणजे अपेक्षेइतकी प्रगती) आखून देऊ शकतात, आणि ती पट्टी मुलालाही समजेल अशा शब्दांत असेल तर उत्तम.

गेम कोणता खेळायचा हे थेरपिस्टने मान्य केलेल्या दोन-तीन पर्यायांतून मुलालाच निवडू द्यावे आणि भावंडांना सोबत खेळू द्यावे. नेहमीची थेरपी मात्र बंद करू नये. स्नायू ताणण्याचे व्यायाम, आधाराने उभे राहण्याची वेळ आणि स्प्लिंटचा वापर यांची जागा कोणताही गेम घेत नाही. सेरेब्रल पाल्सीत खुब्याचा सांधा हळूहळू सरकत असला तरी सुरुवातीला तो दुखत नाही आणि बाहेरून दिसतही नाही, तो एक्स-रेमध्येच कळतो. म्हणून मूल गेममध्ये कितीही चांगले खेळत असले तरी खुब्याची तपासणी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी करून घ्यावी.