इव्हॉन डी कार्लोचे काउबॉय पिक्चर कुठल्या क्रमाने बघायचे

आमचा चार जणांचा ग्रुप आहे, रविवारी सकाळी मिसळ-पापड चापायचं आणि मग गंगापूर रोडला एकाच्या घरी जुने पिक्चर लावायचे. हॉलिवूडची जुनी नटी इव्हॉन डी कार्लो घेतली तेव्हा आम्ही सुरुवातच चुकीची केली, 'द टेन कमांडमेंट्स' (1956) लावला, कारण नाव तेवढंच माहीत होतं. त्यात ती मोझेसची बायको, शांत आणि सोशिक, आणि पिक्चर साडेतीन तासांच्या वर, त्यात पोटात मिसळ, दोघं सरळ घोरायला लागले. तो नंतर बघा.

मुळात ही नाचणारी बाई. 1922 मधे कॅनडात व्हँकुव्हरला जन्म, आईने लहानपणीच डान्स क्लासला घातलं, मग हॉलिवूडच्या नाइटक्लबात कोरसमधे नाच, मग पॅरामाउंट या पिक्चर कंपनीचे बारीकसारीक रोल. त्या पिक्चरांत तिला शोधत बसू नका, डोळे दुखतील नुसते.

सुरुवात 1945 च्या 'सलोमी, व्हेअर शी डान्स्ड' पासून करा. युरोपातली नर्तकी पळत पळत थेट अ‍ॅरिझोनात पोचते, स्टोरी कायच्या काय आहे, बिनधास्त पुढे ढकला, पण नाच आला की थांबा. त्याच वर्षीच्या 'फ्रंटियर गॅल'मधे ती सलूनची मालकीण आहे (केस कापायचं नाही हो, दारूचं). इथे एक करायचं, आवाज बंद करून फक्त तिची चाल बघायची. ती खोलीत येते, वळते, उभी राहते, सगळं तालात. आपल्या जयश्री गडकरपण समूहनृत्यातूनच पुढे आल्या, 'सांगत्ये ऐका' बघितलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

मग 'ब्लॅक बार्ट' (1948). यात ती लोला माँटेझ, म्हणजे खरी होऊन गेलेली नर्तकी. आता गंमत अशी की लोला 1861 मधे वारली आणि ब्लॅक बार्टने घोडागाड्या लुटायला सुरुवात केली 1875 मधे, तरी पिक्चरमधे दोघांचं प्रेम जमतं! इतिहास बाजूला ठेवा. पुढच्याच वर्षी 'कॅलॅमिटी जेन अँड सॅम बास'मधे ती कॅलॅमिटी जेन झाली, काउबॉय मुलखातली खरी होऊन गेलेली बंदूकवाली बाई, म्हणजे नाच संपला आणि घोडा-बंदूक हातात आली, तो बदल बघण्यासारखा आहे.

शेवटी 'मॅक्लिंटॉक' (1963), काउबॉय पिक्चरांचा हिरो जॉन वेनबरोबर. त्याआधी एक माहीत असू द्या, तिचा नवरा बॉब मॉर्गन स्टंटमन होता, 'हाऊ द वेस्ट वॉज वन'च्या शूटिंगला रेल्वेच्या सीनमधे जबर जखमी झाला, पाय गेला, आणि म्हणूनच वेनने तिला हा रोल दिला असं सांगतात. 'मॅक्लिंटॉक'मधे ती हिरोइन नाहीये, घरात स्वयंपाकाला ठेवलेली बाई आहे. पण दारू चढलेली ती आणि वेन जिना चढायला बघतात तो सीन येईल तेव्हा मोबाइल खाली ठेवा, धडपडतानासुद्धा तिचा ठेका चुकत नाही. आम्ही तो तीनदा मागे घेऊन बघितला, आणि यावेळी कोणी झोपलं नव्हतं.